खिडकीजवळची खाट

खडकी,
१४ जून १९९९

चि. प्रज्ञास आत्याचे अनेक आशीर्वाद, आणि घरात सगळ्यांना जयभीम.

तुझ्या निकालाचा निरोप राजरत्नाने खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या ऑफिसातून कपिलच्या कारखान्यात फोन करून ठेवला, आणि कपिलने तो संध्याकाळी डब्याच्या पिशवीबरोबर घरी आणला. भाची जुन्नरच्या कॉलेजात सायन्सला दुसरी येते आणि आत्याला ते सगळ्यांत शेवटी कळतं! माझा भाऊ म्हणजे असा. त्या अवाढव्य डिशांना ग्रीस लावता लावता याचं तोंड तेवढं गंजलंय. असो. मी चाळीत पेढे वाटले. लंकाबाईला दोन जास्त दिले, तिची नात नापास झाली आहे म्हणून.

पुण्यात बी.एस्सी.ला नंबर लागला हे तर फारच झकास. पण राजरत्न म्हणतो, पोरगी वसतिगृहाचं काहीतरी काढतेय. प्रज्ञा, काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण शाळेत शिकवली नाही का तुला? बारशाला तुला मांडीवर घेऊन कानात कुर्र करून नाव सांगितलं ते मी. त्यापायी तुझ्या आईच्या बहिणींचे पाठीत बुक्के खाल्ले ते मी. आणि माझ्या भाचीने पुण्यात येऊन परक्यांच्यात राहायचं?

तरी एकतर्फी बोलायला नको म्हणून मी दोन्ही वसतिगृहं बघून आले. कॉलेजच्या आवारातलं दिसायला गोजिरवाणं आहे, पण तिथल्या मेसच्या चपात्या बघून मला रडू आलं. चामड्याच्या चपला बऱ्या. दुसरं ते सरकारी, मागासवर्गीय मुलींचं. त्याच्या गच्चीवर एवढे कपडे वाळत होते की इमारतीचा रंग कळेना. आठ-आठ पोरी एका खोलीत. पाणी पहाटे येतं म्हणे आणि उठायच्या आत जातं.

आपल्याकडे खिडकीजवळची खाट तुझी. आजच गादी उन्हात घातली. कधी येतेस तेवढं कळव, कपिल शिवाजीनगरला उतरवून घ्यायला येईल.

तुझी,
अंजनाआत्या


खोडद,
२० जून १९९९

ती. आत्यास सप्रेम जयभीम. मामांना आणि कपिलदादाला सांग.

तुझं पत्र मिळालं. पेढे वाटलेस हे वाचून आजी इतकी हरखली की तिने ते पत्र स्वतःच्या हातात धरून पुन्हा वाचायला लावलं. चपलांची गोष्ट आली की हसते आणि म्हणते, "माजी अंजी अजून तशीच हाय."

आत्या, तुझ्या घरी मला काय कमी पडणार आहे? पण मी हिशेब घातला. खडकीहून कॉलेजला यायला दोन बस. प्रयोगशाळा संध्याकाळी उशिरापर्यंत, वाचनालय त्याहून उशिरा. मी दिवसभर बाहेर, आणि तू दारात उभी राहून वाट बघणार. भाकरी गार होणार, तू तापणार. त्यापेक्षा वसतिगृह बरं. अभ्यास होईल आणि रविवारी तुझ्याकडे येता येईल.

आता कोणतं घ्यायचं तेवढं ठरवायचंय. कॉलेजचं प्रयोगशाळेच्या शेजारी आहे. पण ते दिवाळीला, उन्हाळ्यात आणि जोडून सुट्टी आली की बंद होतं, मग मुलींनी नातेवाइकांकडे जायचं. सरकारी लांब आहे, पण वर्षभर उघडं. माझं मन सरकारीकडे झुकतंय. मला हे शिक्षण निम्मंशिम्मं करायचं नाही. लहानपणापासून या डिशांच्या सावलीत गुरं वळली. त्या आभाळातून काय ऐकतात ते अण्णांना विचारलं तर ते म्हणतात, "मला फक्त गिअरचा आवाज येतो बाई." मला पुढचं ऐकायचंय.

आणि एक विचारायचं होतं. आठ-आठ पोरी तू मोजल्यास का गेटवरून अंदाज बांधलास? वॉचमन कोणाला आत सोडत नाही असं माझ्या बाई सांगत होत्या.

तुझी,
प्रज्ञा


खडकी,
२६ जून १९९९

चि. प्रज्ञास आशीर्वाद.

दोन बसचं कारण मला सांगू नकोस. पूर्वी खोडदहून जुन्नरला जाताना एसटीच्या दांडीला लोंबकळून जायचीस, तेव्हा अभ्यास बुडाला नाही. खरं काय ते मी ओळखलंय. आमचं घर दोन खोल्यांचं. आमचे हे, तुझे मामा, जोरात घोरतात. नळ चाळीत सामायिक. बारावीला दुसरी आलेल्या पोरीला ते कसं चालणार? नाकापेक्षा मोती जड झालाय.

मग हे ऐक. मामा आता बाहेरच्या खोलीत झोपतात. आतल्या खोलीला मी पडदा लावला, चांगला जाड, फुलाफुलांचा. कपिलने सुट्टीच्या दिवशी बसून तुझ्या पुस्तकांसाठी रॅक केली. सागवानी नाही, पेट्यांची फळी आहे, पण रंधा मारून अशी गुळगुळीत केलीय की हात फिरवत राहावं. त्याने कोणासाठी कधी खिळा ठोकला नव्हता.

आणि ते पत्रात कपिलदादा, कपिलदादा काय लावलंय? नुसतं कपिल म्हण. आतेभावाला कोणी दादा म्हणत नाही आपल्यात. लंकाबाईने ऐकलं तर हसेल.

सरकारी वसतिगृहाचं म्हणशील, तर तिथल्या जागा भरल्या. वॉचमननेच सांगितलं. तेव्हा तो विषय मिटला. राहता राहिलं कॉलेजचं, तर सख्खी आत्या गावात असताना पोरगी तिथे का, असं उद्या चारचौघांत कोणी विचारलं तर मी काय तोंड दाखवू? ज्यांना कोणी नाही त्या पोरी वसतिगृहात राहतात. तुला आम्ही आहोत.

राजरत्नाला मी फोनवर सांगितलं, तो "बरं अक्का" म्हणाला. तेव्हा उगाच बैल चिखलाच्या डोबीत नेऊ नकोस. सामान बांध.

अंजनाआत्या


खोडद,
४ जुलै १९९९

ती. आत्यास सप्रेम जयभीम.

मी शुक्रवारी पुण्याला येऊन गेले. तुझ्याकडे आले नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तू रागावलेलीच असशील आणि मला नव्याने घाबरायला नको.

अण्णा सकाळी ड्युटीवर निघाले होते. म्हणाले, "अक्काकडं जाणार ना?" मी म्हटलं, "वसतिगृह बघाया जाते." त्यांनी सायकलला टांग मारली आणि गेले. मी नारायणगावहून एसटी पकडली.

कॉलेजचं वसतिगृह तू म्हणतेस तसं गोजिरवाणं आहे. चपात्या खरंच चामड्याच्या आहेत, तुला शंभर टक्के मार्क. पण सुट्टीत बंद म्हणजे बंद, मग कुठे जायचं ते तुला माहीत आहे आणि मलाही. मग सरकारीत गेले. जागा भरलेल्या नाहीत आत्या. माझं नाव यादीत वरच आहे. वीस जुलैपर्यंत हजर व्हायचं, नाही झालं तर जागा खालच्या मुलीला जाते. वॉचमन म्हणाला, खडकीच्या बाई आल्या होत्या, पण त्या जागेचं काही विचारत नव्हत्या, इथल्या पोरी रात्री कितीला आत येतात तेवढंच विचारत होत्या.

एका खोलीत आठ नाही, चौघी. मला दिलेल्या खोलीत एकच मुलगी आली होती. भागू नाव तिचं, आंबेगाव तालुक्यातली, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची. पाचवीपासून आश्रमशाळेत राहिलेली, त्यामुळे वसतिगृहं तिला तोंडपाठ. मी दारातच उभी, तर मला हाताला धरून आत नेलं. "दाराजवळची खाट घिऊ नको, येनारी-जानारी परतेकजन धडका मारती. पंख्याखालची बी नको, समद्या तिथंच येऊन बसत्यात. खिडकीची घे. पावसात जरा वली व्हती, पन उजेड आपला." मग तिने स्वतःची पत्र्याची पेटी उचलून त्या खाटेवर ठेवली. म्हणाली, "तू येस्तवर ही हितंच ऱ्हाईल. कोनी बसाया आली तर मी बघते." ओळख ना पाळख आत्या, आणि माझ्यासाठी खाट अडवून बसलीय.

आता खरं कारण. ते तू ओळखलं नाहीस, किंवा ओळखून दुसरंच लिहिलंस.

मागच्या आठवड्यात आई मला जुन्नरच्या बाजारात घेऊन गेली. पेटी घ्यायची होती. तिथे बांगड्या भरणारी सोनीबाई ओळखीची. तिने माझा हात धरला आणि विचारलं, "कुठं चालली ल्येक?" आई म्हणाली, "पुन्याला, आत्याकडं." तर सोनीबाई म्हणते, "मंग हिरवाच चुडा भरते. आत्तापास्नं सवय व्हईल." आणि दोघी हसल्या. मी हात ओढून घेतला तेव्हा दोन बांगड्या फुटल्या.

घरी आजी म्हणते, "आत्याचं घर म्हंजी दुसरं माहेर न्हाई, पैलं सासर." आणि तिनेच सांगितलं की बारशाला माझ्या कानात तू नावाबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली होतीस. "आन ही माजी सून." अण्णा म्हणाले होते, "तुझीच." सगळे हसले आणि पेढे खाल्ले. सतरा वर्षं ती थट्टा होती. मी पेटी घेऊन तुझ्या दारात उतरले की ती थट्टा राहणार नाही. मला कोणी विचारणारसुद्धा नाही, कारण मी स्वतःच्या पायांनी आलेली असेन. पहिल्या वर्षी सवय, दुसऱ्या वर्षी सुपारी, तिसऱ्या वर्षी "आता पदवी काय पळून चाललीय का".

कपिलदादा वाईट नाही. फार चांगला आहे. मी लहान असताना ओझरच्या जत्रेत हरवले तेव्हा तोच मला खांद्यावर बसवून शोधत शोधत घेऊन आला होता. म्हणूनच मी त्याला दादा म्हणते, आणि म्हणताना मनात दादाच असतो. तू लिहिलंस नुसतं कपिल म्हण. मला ते जमणार नाही. रॅकवर हात फिरवत राहावं म्हणतेस, मला तो हात तिथे अडकून पडायची भीती वाटते.

आता सगळ्यांत अवघड. वसतिगृहात हजर होताना पुण्यात राहणारी एक नातेवाईक बाई पालक म्हणून स्वतः येऊन सही करायला लागते. आपल्यात पुण्यात तूच. अण्णा म्हणतात, "आधी अक्काला ईचार. ती न्हाई म्हनली तर मी काय करू शकत न्हाई." म्हणजे ज्या गोष्टीला तू नको म्हणतेस तिच्यावर तुझीच सही पाहिजे. मी तुझ्यावर रुसलेले नाही. तुझ्याशिवाय मला कोणाला विचारावंसंही वाटत नाही. येशील का?

तुझी,
प्रज्ञा


खोडद,
१३ जुलै १९९९

ती. आत्यास सप्रेम जयभीम.

तुझं उत्तर आलं नाही. रोज पोस्टमनच्या सायकलची घंटी ऐकली की मी बाहेर जाते, आणि तो शेजारी धर्माजींकडे वळतो. अण्णा दोनदा ऑफिसातून फोन लावतो म्हणाले आणि दोनदा त्यांना काहीतरी काम निघालं. ते तुला घाबरतात. मी पण घाबरते, पण मला वीस तारखेपर्यंतच वेळ आहे.

मी मंगळवारी वीस तारखेला सकाळी अकरा वाजता वसतिगृहाच्या गेटवर पेटी घेऊन असेन. तू आलीस तर सही होईल. नाही आलीस तर मी गेटवर बसून राहीन. अधीक्षिका बाईंच्या हातापाया पडेन, कॉलेजातल्या बाईंना आणेन, आणखी काही सुचेल ते करेन. परत एसटीत बसणार नाही आणि खडकीच्या बसमध्येही बसणार नाही. हे उद्धटपणाने लिहीत नाही. मी चार वेळा लिहून बघितलं, दुसऱ्या कोणत्याही रीतीने लिहिलं की खोटं वाटतं.

तू माझ्या कानात नाव सांगितलंस आत्या. ते नाव सांगताना काहीतरी मनात असेलच ना.

प्रज्ञा


खडकी,
१ ऑगस्ट १९९९

कु. प्रज्ञा हिस, खोली अकरा, खिडकीजवळची खाट, तिथे पाऊस येतो का?

अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी गेटवर मी तुझ्याशी चार शब्दही धड बोलले नाही. सगळं बोलणं त्या अधीक्षिकेशी केलं. पाण्याच्या टाकीला झाकण का नाही, जिन्यात दिवा का नाही, मुलींच्या बाथरूमला आतून कडी आहे का. ती बाई शेवटी म्हणाली, "अहो, तुम्हाला सही करायची आहे का इमारत विकत घ्यायची आहे?" तू हसलीस. मग माझ्याच्याने हसू आवरेना, आणि रडूही येत होतं, म्हणून मी पटकन सही करून निघाले. तुला नीट निरोपही घेऊ दिला नाही. तो आता या पत्रात घे.

तुझं चार जुलैचं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही. एवढीशी पोर, नाव मी ठेवलेलं, आणि मला शिकवते! पत्र मामांना वाचून दाखवलं, तर ते म्हणतात, "बरोबर लिहिलंय पोरीनं." मग मी त्यांच्याशीही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कपिलने विचारलं, "आई, मला कुणी विचारलं होतं का?" मी म्हटलं, तुला काय विचारायचं, तू मुलगा आहेस. आणि ते माझ्याच तोंडून ऐकून मला कसंसंच झालं. म्हणजे पोरीला तर विचारलंच नव्हतं, पोरालाही नाही. मी एकटीच हे लग्न सतरा वर्षं लावत होते.

आता तुला एक सांगते, जे राजरत्नालाही माहीत नाही, तो तेव्हा फार लहान होता. सातवी झाल्यावर मी खोडदहून इथे खडकीला आले ती माझ्या आत्याकडे, शिकायला. हीच खोली, हीच खिडकी. आठवी झाली, नववी झाली. दहावीच्या पुस्तकांना मी वर्तमानपत्राची कव्हरं घातली, त्यावर नाव लिहिलं, आणि त्याच महिन्यात आत्या सासू झाली. कोणी जबरदस्ती केली नाही गं. मी इथेच तर होते. सगळ्यांना वाटलं की ठरलेलंच आहे, आणि मलाही तसंच वाटलं. मामा देवमाणूस. सासूने कधी आवाज चढवला नाही. माझं वाईट काहीच झालं नाही. पण मला नर्स व्हायचं होतं, प्रज्ञा. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय, हसू नकोस.

शाळेच्या वाटेवर तेव्हाही मुलींचं एक वसतिगृह होतं. गच्चीवर पोरी केस वाळवत बसायच्या, मोठ्याने बोलायच्या. आत्या म्हणायची, ज्यांना कोणी नाही त्या तिथे राहतात. मी त्यांची कीव करत पुढे जायची. तेच वाक्य मी तुला जसंच्या तसं लिहून पाठवलं. पाठवलं तेव्हा काही वाटलं नाही, तुझं उत्तर आल्यावर वाटलं.

वीस तारखेला सही करून बाहेर आले, रस्त्यापलीकडे जाऊन मागे वळून बघितलं. गच्चीवर तू आणि ती डिंभ्याची पोर, दोघी मिळून ओली चादर पिळत होतात. ती काहीतरी ओरडून सांगत होती आणि तू खिदळत होतीस. मी बसस्टॉपवर तीन बस सोडल्या. खरं सांगते, मला तुझा हेवा वाटला, आणि लगेच अभिमानही वाटला. दोन्ही एकदम.

तर आता ऐक. मी मोठी आहे, मी सांगते ते ऐकायचं. मागचं उकरून काढायचं नाही, वॉचमन काय म्हणाला तेही नाही. दिवाळीला खोडदला जायचं, आई-अण्णांकडे, आणि जाताना मला भेटून जायचं. त्या भागूला घेऊन रविवारी जेवायला यायचं, सुकटीची चटणी आणि बाजरीची भाकरी करते. तिने खाट राखली, तिला एवढं तरी मिळालं पाहिजे. आणि पुढे पदवी, तिच्या पुढची पदवी, ते आभाळातलं काय ते ऐकायचं, सगळं पूर्ण करायचं. निम्म्यात सोडलंस तर अधीक्षिकेसमोर तुझे कान उपटीन.

बारशाला तुझ्या कानात मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. नाव तुझं, ते तुझ्याकडेच राहू दे. दुसरी मी परत घेते. माझ्या आईला, म्हणजे तुझ्या आजीला, हे मी वेगळ्या पत्राने कळवलंय. सोनीबाईकडे मी स्वतः जाणार आहे.

ती पुस्तकांची रॅक इथे पडून राहण्यात काही अर्थ नाही. खोलीत मावेल की नाही त्याचं माप भागूला घ्यायला सांग. पुढच्या शनिवारी ती घेऊन तुझा कपिलदादा येईल.

अंजनाआत्या